ढब्बूचा जोडीदार

"गाडी तुमचीच का हो?"

नाना पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात नरहरीशेठनं पत्र्याच्या डब्यातून डोकं वर न काढता विचारलं, आणि एकनाथ उगाचच दचकला. दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणारा माणूस गिऱ्हाइकाला दुसरं काय विचारणार, पत्रिका थोडीच मागणार? "हो," एकनाथ म्हणाला. म्हणाला खरा, पण रांगेत मध्येच घुसलेल्या माणसासारखं त्याला वाटलं, की आता मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवील. कुणी ठेवला नाही. नरहरीशेठ आपला डबा उपसत राहिला. डब्यात चकत्याच चकत्या होत्या, पितळी, पत्र्याच्या, काही वाटीसारख्या, काही नुसत्याच फुगीर, आणि एकेक उचलून तो एकनाथनं आणलेल्या नमुन्याशेजारी धरत होता. नमुना म्हणजे गंजून पापडासारखी झालेली एक चकती. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू काढायला त्याच्या कुशीला भोकं ठेवतात आणि मागाहून ती अशा चकत्या ठोकून बुजवतात. मेकॅनिक मंडळी त्यांना डमी म्हणतात. आत पाणी खेळत असतं आणि ते बाहेर येऊ नये, एवढंच त्या चकतीचं जन्मभराचं काम. हे सगळं एकनाथला महिन्याभरापूर्वी ठाऊकही नव्हतं. एका रविवारी त्यानं माले गावातल्या गोठ्यात गाडी सुरू केली, खाली तांबूस पाण्याचं डबकं साचलं, आणि तेव्हापासून तो या चकतीच्या मागे पुणं पालथं घालत होता.

"एकोणपन्नासची प्रिफेक्ट," नरहरीशेठ सुस्कारा सोडून म्हणाला. "हिचं आता कुठं काय मिळायचं! ही घ्या, जराशी मोठी आहे, कानसून बसवा. नाहीतर ही बारकी न्या, कडेनं सफेदा लावा. पाणीच तर अडवायचंय."

"नको. ओरिजिनलच हवी."

नरहरीशेठनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकनाथच्या चष्म्याची काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती, ती त्यानं नीट पाहिली असावी. "अहो, इंजिनाच्या कुशीत वाकून बघायला कोण येणार आहे?" तो हसून म्हणाला. एकनाथही हसला. बघायला कोण येणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते नाना पेठेत सांगण्यासारखं नव्हतं. बघणारा घोटावड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, भिंतीवर चंदनाच्या हारात होता.

पौडकडे जाणाऱ्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली आणि चांदणी चौक मागे पडल्यावर वाऱ्यानं त्याचे डोळे मिटायला लागले. भूगाव, भुकूम, रस्त्याच्या कडेनं प्लॉटच्या पाट्या आणि त्यांच्या मधूनच पिवळं पडत चाललेलं भात. खिशातली गंजकी चकती मांडीला टोचत होती. कसली ही ओरिजिनलची हौस मला लागली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मूळचा तो परभणीचा. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून पुण्यात आला तो खोलीवर एकटाच राहिला, आणि एकट्या माणसाचं जग दोरा, सुतळी आणि सेफ्टी पिन यांच्यावर चालतं. स्टोव्हचा वॉशर गेला की त्यानं जुन्या चपलेचा तुकडा कापून बसवावा, छत्रीची काडी मोडली की केरसुणीची काडी बांधावी. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता, उलट एखादी गोष्ट तशी चालती झाली की दिवसभर तो खुशीत असे. आणि अशा माणसानं वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी लग्न केलं. आयुष्यात पहिल्यांदा बोहल्यावर चढला, तोही दुसरा नवरा म्हणून. नलिनी त्याच्याच कचेरीतली. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती, मुलगी उत्कर्षा कॉलेजात होती. दुपारच्या डब्यातलं लोणचं, मग पावसात अडकल्यावर अर्धा तास गप्पा, मग आजारपणात फोन, असं करत करत ते दोघं नोंदणी कचेरीत जाऊन उभे राहिले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत एकनाथ एकदाही झोपेतून दचकून उठला नव्हता. यंदा तो निवृत्त झाला. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलं की समोरच्या शेतात बगळे उतरायचे, आत नलिनी भाजी चिरताना रेडिओबरोबर गुणगुणायची, आणि हे सगळं आपल्या वाट्याला आलं याचं त्याला अजूनही नवल वाटायचं.

फक्त घर नलिनीच्या पहिल्या नवऱ्याचं, जनार्दनरावांचं होतं. म्हणजे कागदावर नलिनीचं. पण जनार्दनराव पिरंगुटच्या एका कारखान्यात हत्यारं घडवणाऱ्या विभागाचे मुख्य होते आणि त्यांनी हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. त्यांची दारं लावली तर आवाज होत नसे. त्यांचे नळ गळत नसत. आळीतली माणसं कौतुकानं सांगत, की एका नळाला कंपनीचाच वॉशर हवा म्हणून साहेबांनी महिनाभर बादलीनं पाणी भरलं, पण दुसरा वॉशर घातला नाही. ओरिजिनल नसेल तर नको, हे त्यांचं वाक्य घोटावड्यापासून माल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ते सांगताना कुणाच्या मनात काही वाकडं नसे, एकनाथच्या पाठीवर थाप मारूनच सांगत. पण तो वॉशरचा किस्सा ऐकला की एकनाथचा हात आपोआप चष्म्याच्या काडीकडे जाई. नलिनीनं मात्र ते वाक्य त्याच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. ती पहिल्या नवऱ्याचं नावही घेत नसे, फार तर "उत्कर्षाचे बाबा" म्हणे. एकनाथही विचारत नसे. तिला वाईट वाटू नये म्हणून तो गप्प, त्याला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प, आणि अशा दोन भल्या माणसांच्या मधोमध जनार्दनराव नऊ वर्षं हारात निवांत बसून होते.

त्यांची गाडी माल्याला भैरू नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात होती. घोटावड्याच्या घरापुढचा बोळ तेव्हा अरुंद होता, शिवाय भैरूच्या कुटुंबाशी त्यांचा फार जुना घरोबा. जनार्दनराव गेले तेव्हा गाडी सहा महिने दारापुढच्या बोळात अर्धी वाट अडवून तशीच उभी होती, टायर बसलेले, काचेवर पाचोळा. मग एक दिवस भैरू ट्रॅक्टर घेऊन आला आणि तिला माल्याला ओढून घेऊन गेला. लग्नानंतर एकनाथ रविवारी तिथं जायला लागला. आधी नुसता पुसून यायचा, मग भैरूच्या मदतीनं त्यानं ती सुरू केली, आणि मग दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालून गोठ्याभोवती एक फेरी मारायचा रिवाजच पडला. यंदा भैरूनं रस्त्याकडेची पट्टी विकली होती. गोठा त्या पट्टीत जात होता आणि दसरा झाला की जेसीबी येणार होता. एकनाथनं घरापुढे पत्र्याची शेड घातली, आता बोळही रुंद झाला होता. पण नलिनी एका गोष्टीवर अडून बसली. "चालत येणार असेल तर येऊ दे," ती म्हणाली. "ओढून आणलेली बंद गाडी मला दारात नको. ते सहा महिने मी एकदा काढलेत." यात बोलायला जागाच नव्हती. चालली तर घर, नाहीतर पौडचा भंगारवाला. त्यातच हैदराबादहून उत्कर्षाचा फोन आला. "काका, बाबांची गाडी भंगारात नाही ना जाणार?" नऊ वर्षांत त्या मुलीनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. "नाही जाणार," तो इतक्या जोरात म्हणाला, की स्वयंपाकघरातून नलिनी बाहेर येऊन बघून गेली. पण मग त्याच्या मनात आलं, जनार्दनरावांनी इतकी वर्षं जपलेली गाडी आपल्या काळात भंगारात गेली तर ते कुणी बोलून दाखवणार नाही. आणि कुणी बोलून दाखवणार नाही, हेच त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

घरी आला तेव्हा देवापुढे घट बसून चार दिवस झाले होते. परडीतल्या मातीतून धान्याचे पोपटी कोंब वर आले होते आणि मधोमध तांब्याचा कलश, त्यावर विड्याची पानं, नारळ. कलशात पाणी भरणं, सुपारी आणि नाणं टाकणं हे काम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून नलिनीनं एकनाथवर सोपवलं होतं. नाणं ठरलेलं होतं, तिच्या माहेरचा एक जुना तांब्याचा ढब्बू पैसा, जाड आणि झिजून गुळगुळीत झालेला. एकदा तो पाण्यात बुडाला की दसऱ्याला घट उठेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. "मिळालं का काही?" नलिनीनं पाण्याचा तांब्या देत विचारलं. "एक बारीकसा भाग आहे, मिळेल," एकनाथ म्हणाला. बारीकसा भाग म्हणजे नेमका कोणता, हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. गाडीबद्दल फार बोललं की बोलणं जनार्दनरावांवर जाणार, आणि तिथं जायचं नाही असा दोघांचा न बोलता झालेला करार. तिनंही पुढं विचारलं नाही. रात्रीच्या जेवणात घोसावळ्याची भजी होती. एकनाथ ती खाताना गाडी विसरला आणि पाणी पिताना त्याला ती पुन्हा आठवली.

दुसऱ्या दिवशी त्याला एक युक्ती सुचली. गंजलेल्या चकतीच्या कडाच खाऊन गेल्या होत्या, मग तिच्यावरून खरं माप कसं कळणार? ब्लॉकच्या कुशीला ओळीनं तीन चकत्या होत्या. त्यातली मधली ठणठणीत होती, थेंब गळत नव्हता. ती काढावी, तिचं माप घ्यावं, आणि भोसरीला एखाद्या वर्कशॉपमध्ये हुबेहूब तशीच घडवून घ्यावी. एवढी वर्षं जी टिकली ती ओरिजिनल असणारच, आणि ओरिजिनलवरून केलेली म्हणजे ओरिजिनलच्या जवळपास गेली, असा हिशेब करत तो सकाळच्या गाडीनं माल्याला पोचला.

"चांगली हाय ती कशाला उचकटताय?" भैरू म्हणाला. तो एकनाथपेक्षा चार वर्षांनी मोठा, पण उत्कर्षाचं ऐकून सगळं घर एकनाथला काकाच म्हणायचं. "काका, गळती ऱ्हाईली बाजूला, न गळणारीच्या मागं लागलाय तुमी."

"माप हवंय, भैरू."

"घ्या मग. सायेबांची गाडी हाय, जपून."

भैरूनं छिन्नी लावून हातोडा मारला. पहिली चकती अशीच फोडून काढली होती, छिन्नी आत गेली आणि पत्रा चरचरत फाटला होता. ही फाटेना. छिन्नी घसरली आणि रंगाखाली एक लालसर ओरखडा चमकला. भैरूनं तोंड जवळ नेऊन पाहिलं. "ह्ये लोखंड न्हाई," तो म्हणाला. मग कडेनं, अलगद, दाढ काढावी तशी त्यानं ती हलवून हलवून बाहेर काढली आणि एकनाथच्या तळहातावर ठेवली. जड होती. बाहेरच्या बाजूला इंजिनाचा हिरवा रंग, आतल्या बाजूला पाण्यानं चढलेला जाड खपला. गोठ्याच्या दारात साळूबाई उभी होती, भैरूची बायको. तिनं न विचारताच आतून चिंचेचा गोळा आणून दिला. एकनाथ ओट्यावर बसून घासू लागला. आधी काळं पाणी आलं, मग हिरवं, आणि मग खपल्याखालून एक कान वर आला, मग दाढी, मग मुकुट.

"आयला," भैरू म्हणाला. "ह्यो तर ढब्बू!"

साळूबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि ती लगबगीनं आत निघून गेली. भैरूनं तिला हाक मारून विचारलं, "ए, तुला काय म्हाईत हाय का?" आतून आवाज आला, "मला कुटलं काय!"

एकनाथ त्या नाण्याकडे बघत बसला. पहिल्यांदा त्याला हसू आलं, आणि ते इतकं आतून आलं की त्याला चष्मा काढून ठेवावा लागला. महिनाभर वॉशरसाठी बादल्या वाहणारा माणूस! ज्याच्या धाकानं मी नरहरीशेठच्या चकत्या परत केल्या, त्यानं आपल्या गाडीच्या पोटात ढब्बू पैसा ठोकला, वर रंग फासला, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. गाडीतली अस्सल चकती सडून गळाली आणि हा उपटसुंभ मधोमध बसून खुशाल पाणी अडवत राहिला. एकनाथला आनंद झाला, अगदी हलकट म्हणावा असा आनंद झाला, आणि तो हलकट आहे हे कळूनही झाला. तो उठून गोठ्यामागच्या बांधावर गेला. पलीकडे भात वाऱ्यानं वाकत होतं, दूर डोंगरावर ढगाची सावली सरकत होती. हळूहळू त्या आनंदाची धार बोथट झाली आणि त्याच्या डोळ्यापुढे तो माणूस आला. फोटोतला नव्हे, कधी न पाहिलेला. बाह्या वर केलेला, घामाघूम, हातात एक पैसा धरून आता करू की नको अशा विचारात उभा असलेला. त्या माणसाला तो ओळखत होता. स्टोव्हपुढे चपलेचा तुकडा घेऊन तसाच तर तो स्वतः किती वेळा उभा राहिला होता. मग त्याला भीती वाटली. हे नलिनीला सांगायचं की नाही? सांगितलं तर गेलेल्या माणसाची चहाडी केल्यासारखं होईल. आळीनं जपलेला, मुलीनं जपलेला एक पुतळा, आणि त्याला टवका पाडायचा कुणी, तर दुसऱ्यानं! न सांगावं तर खिशातल्या या नाण्याचं काय करायचं? पुन्हा बसवून रंग फासावा? म्हणजे मग आणखी एक माणूस लपवाछपवीत सामील.

घरी पोचेपर्यंत त्यानं चार वेळा न सांगायचं ठरवलं. नलिनी ओट्यावर बसून घटाच्या माळेसाठी झेंडूची फुलं ओवत होती. एकनाथ शेजारी बसला, फुलाच्या देठाशी चाळा करत राहिला, आणि मग त्यानं काहीच न बोलता नाणं तिच्या परडीत ठेवलं. कदाचित शब्दांनी सांगितलं नाही म्हणजे चहाडी होत नाही, असं त्याला वाटलं असावं.

नलिनीची सुई थांबली. तिनं नाणं उचललं, अंगठ्यानं पुसलं, कडेचा छिन्नीचा ओरखडा पाहिला. "अगं बाई," ती म्हणाली, "हा अजून आत होता?"

"तुला माहीत होतं?"

"मीच तर दिला होता." आणि ती हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "उत्कर्षाच्याही आधीची गोष्ट. नवीनच गाडी घेतलेली, म्हणजे जुनीच, पण आम्हाला नवीन. आईकडून दसरा करून आले होते, आणि हे... उत्कर्षाचे बाबा म्हणाले, चल, धरण दाखवतो. माल्याच्या पुढे गेलो आणि बॉनेटमधून वाफ. ओळखपाळख कुणाची नाही, ऊन टळटळीत. तासभर त्यांनी काय काय केलं. शेवटी दगडावर बसले आणि म्हणाले, नलू, मला जमत नाही. तसं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत कुणाला. आईनं मला कलशात टाकायला दोन ढब्बू दिले होते, जोडी, पदराच्या गाठीत होते. भोकाशी धरून बघितला तर थोडासाच फरक. मी म्हटलं, हा ठोका की. कसले रागावले! मी काय भंगारवाला आहे का, म्हणाले. तेवढ्यात साळूबाई डोक्यावर पाटी घेऊन शेतातून येत होती. ती म्हणाली, आमच्याकडं खलबत्ता हाय. खलात ठेवून ठोकला की वाटीसारखा होतो आणि मग बसवताना सपाट केला की पसरतो, हे त्यांच्या डोक्यात लख्ख आलं, मग ऐकताहेत कुठले. बसला. धरण बघून आलो." तिनं नाणं उलटून पाहिलं. "आम्हा दोघींना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. हे तात्पुरतं आहे, म्हणाले. पुढच्या रविवारी ओरिजिनल आणून बसवतो."

"मग?"

"मग काय. दर महिना-दोन महिन्यांनी म्हणायचे, पुढच्या रविवारी." तिनं नाणं परत त्याच्या हातात ठेवलं. "तुम्ही एवढे दिवस हे शोधत होता? बोलला का नाहीत?"

एकनाथ फुलांकडे बघत म्हणाला, "त्यांची गाडी. मी काहीतरी भलतंच बसवलं असतं तर तुला..." आणि वाक्य तिथंच राहिलं. नलिनीनं हात पुढे करून त्याचा चष्मा काढला, काडीचा सैल झालेला दोरा दातानं तोडला आणि माळेच्याच दोऱ्यानं नवी गाठ मारून चष्मा पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला. "त्याचा जोडीदार कुठाय ते माहिताय ना?" ती म्हणाली. एकनाथची नजर उघड्या दारातून आत गेली, देवापुढे, कोंबांच्या गर्दीत उभ्या असलेल्या कलशाकडे. नऊ वर्षं तो स्वतःच्या हातानं तो पाण्यात सोडत आला होता.

"पण दसऱ्याआधी नाही हं," नलिनी म्हणाली. "घट उठू दे. जेसीबी त्यानंतरच येणार आहे ना? आणि त्याला पाण्यात बसायची सवय आहे, काळजी करू नका."

मधले ते दिवस एकनाथनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. गंमत म्हणजे ते वाईट गेले नाहीत. ते दोघं बोलत होते. जेवताना, माळ ओवताना, रात्री दिवा मालवल्यावरही नलिनी मध्येच एखादी गोष्ट सांगायची. जनार्दनरावांना पोहता येत नव्हतं, त्यांना पालीची भीती वाटायची, उत्कर्षा झाली तेव्हा ते दवाखान्याच्या जिन्यात झोपी गेले होते. एकनाथ हसून ऐकायचा आणि आपल्या स्टोव्हचे, छत्रीचे किस्से सांगायचा. एकदा ती म्हणाली, "तुमचं दोघांचं जमलं असतं," आणि कूस बदलून झोपली. एकनाथ अंधारात जागा राहिला, पण अंगावर चादर नीट ओढून, सुखात.

दसऱ्याला सकाळी आरती झाली. नलिनीनं घट हलवला, नारळ बाजूला ठेवला आणि कलश त्याच्यापुढे केला. एकनाथनं पाण्यात हात घातला. नाणं तळाशी होतं, गार. कलशातलं थोडं पाणी घरभर शिंपडलं, थोडं तुळशीला घातलं, उरलेलं नलिनीनं बाटलीत भरून पिशवीत टाकलं. माल्याला साळूबाईनं दोघांना पाहिल्याबरोबर काही न विचारता लोखंडी खलबत्ता बाहेर आणून ठेवला आणि म्हणाली, "सपथ सुटली का माजी, ताई?"

"सुटली," नलिनी म्हणाली.

"लई वरसं पोटात ठिवली वो. जीव जड झाला व्हता निसता." मग ती भैरूकडे वळली. "तुमी त्या दिशी बाजाराला गेला व्हता. आता डोळं भरून बगा."

दोन्ही ढब्बू साळूबाईनं चुलीत लाल होईतो तापवले आणि पाण्यात टाकले, म्हणजे तांबं नरम पडतं. खलात एकेक ठेवून भैरूनं बत्त्यानं ठोकला. मधल्या भोकात जुना बसला. गळणाऱ्या भोकात एकनाथनं नवा ठेवला, फुगीर बाजू बाहेर, कडेला सफेदा. मग हातोडा भैरूच्या हातात होता तो नलिनीनं घेतला आणि एकनाथकडे दिला. "हा तुम्ही मारा," ती म्हणाली. त्यानं मधोमध एक घाव घातला. नाणं दबलं, पसरलं आणि कडेनं लोखंडात रुतलं. नलिनीनं रेडिएटरमध्ये कलशाचं पाणी ओतलं, वर भैरूनं बादली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. चौघंही वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तिच्या पोटाखालच्या मातीकडे बघत राहिले. माती कोरडी होती. बघता बघता एकनाथला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

बॉनेटवर झेंडूची माळ, मागच्या सीटवर आपट्याची पानं आणि साळूबाईनं दिलेली तांदळाची गाठोडी. गाडी आपल्या पायानं निघाली. पौडला इंजिन जरा निववायला म्हणून एकनाथ चहाच्या टपरीपाशी थांबला, तशी चार माणसं भोवती जमली. एका म्हाताऱ्यानं मडगार्डवरून हात फिरवला, आत डोकावला आणि विचारलं, "गाडी तुमचीच का वो?"

"आमची," एकनाथ म्हणाला. त्याला दचकायची आठवणच झाली नाही.

"झ्याक ठिवलीया. समदं वरिजनल हाय का?"

एकनाथनं शेजारी पाहिलं. नलिनी बशीतला चहा फुंकत होती. "दोन ढब्बू सोडले तर सगळं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला काही उमगलं नाही. तो नलिनीकडे बघू लागला. नलिनीनं बशी खाली ठेवली, पदरानं ओठ टिपले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पुढच्या रविवारी बदलणार आहेत हे."